आता चालवा

आमच्या घरमालकांच्या घरात टीव्ही नव्हता. एरवी ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण मालक एका मराठी वृत्तवाहिनीचे सोलापूरचे प्रतिनिधी होते, म्हणून सांगावं लागतं. सात रस्ता चौकात रिक्षावाल्याला "टीव्हीवाल्यांचं घर" एवढं म्हटलं की तो बरोबर आमच्या दारात आणून सोडायचा. खाली मालक, काकू आणि त्यांची मुलगी राहत. वरच्या दोन खोल्यांत आम्ही. टीव्ही होता तो आमच्याकडे.

स्वतःची बातमी लागायची असली की मालक वर येत. चपला जिन्याच्या तळाशी काढून येत आणि शेवटच्या पायरीवर खाकरून थांबत. माझी बायको "या की" म्हणेपर्यंत आत पाऊल टाकत नसत. मग दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकत.

"हिशेबनीस, लावा जरा. आवाज बंद ठेवा."

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करतो. म्हणून मी हिशेबनीस. माझं नाव त्यांना पूर्ण पाठ होतं, पण हाक हीच.

"आवाज का बंद?" मी एकदा विचारलं.

"मी काय सांगितलंय ते मला माहितीय की. ते काय दाखवायलेत तेवढं बघायचंय."

एकदा ते असेच बघत बसले होते. नान्नजच्या बाजूला एक लांडगा विहिरीत पडला होता, त्याची ती बातमी. पडद्यावर तांबडी अक्षरं फिरत होती: शंभर फूट खोल विहिरीत बिबट्या. मालकांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"विहीर चाळीस फुटाची सांगितली होती," ते म्हणाले. "दोर टाकून मोजली होती."

"आणि बिबट्या?"

"लांडगा होता हो," ते इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाले, की जणू तो लांडगा त्यांचा कोणी नातेवाईक होता. "मुंबईच्या डेस्कवर लांडगा चालत नाही. बंद करा."

आकड्यांच्या बाबतीत मी स्वतः काटेकोर आहे. शंभर म्हणजे शंभर. त्यामुळे हा माणूस मला पटत गेला. सुरुवात मात्र वाईट झाली होती.

आम्ही खोली बघायला आलो त्या दिवशी मालकांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "वडिलांचं?" तेही सांगितलं. मग म्हणाले, "आणि आजोबांचं?"

आम्ही बौद्ध. खोली शोधताना अशी विचारपूस मला नवीन नव्हती. आधी आडनाव, मग मूळ गाव, मग देव कुठला, आणि शेवटी "आमचेच पाव्हणे यायचेत, खोली द्यायची नाही." उन्हातून चार ठिकाणी फिरून आलो होतो. म्हणून सरळ बोललो.

"आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर सांगा, नाहीतर दोघांचाही वेळ जायला नको."

मालक गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "ते कुठं विचारलं मी? आजोबांचं नाव विचारलं."

आतून काकू बाहेर आल्या. नवऱ्याला कन्नडमध्ये काहीतरी फटकारलं. त्या दोघांचं भांडण नेहमी कन्नडमध्ये चाले आणि समेट मराठीत. मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. दूधवाल्याच्या बापाचं नाव बी यांनी विचारून ठेवलंय. खोड हाय ती. आत या, पाणी घ्या."

मी आजोबांचं नाव सांगितलं. मालकांनी माझ्यापासून आजोबांपर्यंतची सगळी नावं एकदा सलग म्हणून बघितली, मान हलवली आणि खिशातून खोलीची किल्ली काढून दिली.

पुढे मी बघितलं, ते खरंच सगळ्यांना विचारत. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला, रिक्षावाल्याला, माझ्या मेव्हण्याला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला. लोक चिडत. एक जण म्हणाला, "बापाशी काय काम हाय तुमचं? तो तर कवाच गेला." मालक शांतपणे म्हणाले, "गेला तरी नाव असतंय की." मला त्यांनी कारण एका वाक्यात सांगितलं होतं. "एका नावाची माणसं लई असतात, हिशेबनीस. बाप वेगळा असतो."

त्यांचा सगळा धंदा नावांचा होता, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. टीव्हीवर नाव यावं म्हणून धडपडणारे लोक रोज दारात असत. पुढारी, त्यांचे कार्यकर्ते, वाढदिवस करून घेणारे. त्यांच्याशी मालक बोलत, चहा पाजत, थोडं हसत. त्यात त्यांना रस नव्हता. त्यांचा जीव अडकत असे तो दुसऱ्या नावांत. अपघात, विहीर, आग, भिंत पडणं. अशी काही घटना घडली की डेस्कवरून, म्हणजे वाहिनीच्या मुंबईच्या कार्यालयातून, फोन सुरू होत. किती गेले, नावं काय, लवकर द्या. दुसऱ्या वाहिन्यांनी आधी नाव दाखवलं की आपण मागे पडलो, असा तिथला हिशेब.

मालकांचा हिशेब वेगळा होता. मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरी पोचल्याशिवाय ते टीव्हीला देत नसत. आणि घरी कोणी सांगितलेलं नसेल तर स्वतः जाऊन सांगत.

जायची त्यांची एक रीत होती. आधी दवाखान्यात जाऊन मृताचं नाव वडिलांच्या नावासकट बघायचं. मग घरी येऊन दोन घास खायचे. "उपाशी माणूस चुकतो," म्हणत. वाहिनीचा शिक्का असलेला माईक, त्याला ते बूम म्हणत, तो भाजीच्या कापडी पिशवीत घालून मोटरसायकलला अडकवायचा आणि त्या गल्लीच्या तोंडाशी गाडीवरच ठेवून आत चालत जायचं. घरात वडीलधारं कोण आहे ते विचारायचं. पाणी मागायचं. पाणी पिऊन झालं की त्या वडीलधाऱ्या माणसाला सांगायचं, आणि शेजारचं कोणीतरी येऊन बसेपर्यंत हलायचं नाही. मग परत गल्लीच्या तोंडाशी यायचं आणि डेस्कला फोन लावायचा.

"घरी पोचलं. आता चालवा."

बातमी चालवणं म्हणजे टीव्हीवर लावणं. बहुतेक वेळा तिकडून उत्तर येई, "सर, ते सगळीकडे कधीच चालून गेलंय."

"असू दे. आपलं आता चालवा."

त्यांची मुलगी तेव्हा शाळेत जात होती. ती माझ्या मुलाबरोबर जिन्यात बातम्यांचा खेळ खेळायची. माझा मुलगा वार्ताहर आणि ती डेस्क. तो धावत येऊन सांगायचा, "बाहुली विहिरीत पडली!" ती कंगवा कानाला लावून विचारायची, "बाहुलीच्या बापाचं नाव काय? घरी पोचलं का?" तो म्हणायचा, "पोचलं." मग ती जिन्यावरून ओरडायची, "आता चालवा!" काकूंना हा खेळ आवडत नसे. "अशुभ काय तरी खेळायलेत," म्हणून त्या दोघांना पिटाळून लावत.

मालकांच्या नियमामागचं कारण गल्लीत प्रत्येकाला वेगळं माहीत होतं. कोणी म्हणे, अक्कलकोटकडे त्यांच्या गावात थोरला भाऊ गेला तेव्हा आईला ते रेडिओवर कळलं. इस्त्रीवाला सांगे की नवीन असताना त्यांनी चुकीचं नाव दिलं होतं आणि मार खाल्ला होता. मी स्वतः एकदाच विचारलं. ते अंगणातल्या नळावर पाय धूत होते. असं कोणाला सांगून आले की आधी नळावर पाय धूत, मग "यप्पा" म्हणून तिथल्या दगडावर बसत.

"तुमच्या घरचं कोणी गेलं," ते म्हणाले, "तर तुम्हाला कोणी सांगावं? टीव्हीनं का माणसानं?"

"माणसानं."

"मग झालं की."

मग पाय पुसत म्हणाले, "जाताना काही वाटत नाही बघा. येताना पाय वजनदार होतात."

ते वय वाढलेल्या माणसासारखे दमायला लागले होते. मुंबईत नवा डेस्कप्रमुख आला. त्याचा आवाज फोनमधून आम्हाला वर ऐकू येई. "सर, प्रत्येक वेळी आपण तिसरे येतोय. हे नाही चालणार." मालक "हो, हो" म्हणत. एके दिवशी वर आले, पण टीव्ही लावा म्हणाले नाहीत. खुर्चीवर बसून म्हणाले, "पुढच्या वेळी नाव उशिरा आलं तर दुसरा माणूस बघतो म्हणाला."

"मग?"

"मग काय. या वयात मला दुसरं काय येतंय? आणि दारात गेल्याशिवाय नाव देणं बी येत नाही."

त्यांना दोन्ही ठेवायचं होतं. नोकरी आणि नियम. मला तेव्हाच वाटलं होतं की या दोन्हींची बेरीज होणार नाही. बोलून उपयोग नव्हता.

तो दिवस माझ्या सुट्टीचा होता. मोहोळच्या अलीकडे लग्नाला निघालेला एक टेम्पो उलटल्याची बातमी आली. टेम्पोत सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमागावरचे कामगार होते. एक जण जागीच गेला, बाकीच्यांना लागलं होतं, पण जीव वाचले होते. मालकांच्या मोटरसायकलचं चाक बसलं होतं, म्हणून मी माझी स्कूटर काढली. ॲम्ब्युलन्सवरच्या ओळखीच्या माणसानं त्यांना फोनवर नाव, आडनाव आणि गल्ली सांगितली.

"वडिलांचं नाव?" मालकांनी विचारलं.

"कार्ड रक्तानं भरलंय साहेब, मधलं दिसंना. दवाखान्यात आणायलोय, या की तिथं."

दवाखान्यात जायचं ही त्यांची रीत. पण तेवढ्यात डेस्कचा फोन आला. नाव आलंय का, बाकीचे पाच मिनिटांत चालवतायत, काय ते सांगा. मालक एकदा माझ्याकडे बघून मागे बसले. "सरळ गल्लीतच घ्या," म्हणाले. जेवायचं तर राहूनच गेलं होतं. फोन त्यांनी बंद केला नाही. "थांबा, दोन मिनिटांत कन्फर्म करतो," म्हणून तो तसाच हातात धरून ठेवला.

गल्लीत एका दुकानदारानं घर दाखवलं. दारातच एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मागे खाटेवर तिची सासू. ती माणसं घरात तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. मालकांनी नाव सांगून हेच घर ना म्हणून विचारलं. म्हातारी म्हणाली, "हेच की. माझा मुलगा."

"कुठं गेलेत ते?"

"कारखान्यात. रजा मिळाली तर तिकडूनच लग्नाच्या टेम्पोत बसतो म्हणाला."

मालकांनी पाणी मागितलं. पाणी प्यायले. फोन हातातच होता. मग म्हातारीच्या खाटेजवळ खाली बसून त्यांनी तिला हळू आवाजात सांगितलं.

पुढचं लिहिणं कठीण आहे. सूप उलटलं, तंबाखू सगळीकडे झाली. त्या रडण्यानं गल्ली जमली. समोरच्या घरातून एक तरुण बाई पदर सावरत धावत आली. ती या बाईची चुलत जाऊ होती, एवढं मला तिच्या हाका मारण्यावरून कळलं. तिनं वाटेत मालकांचा हात धरला.

"अण्णा, आमचे बी त्यातच होते हो. सकाळीच बसले टेम्पोत."

मालक म्हणाले, "एकच माणूस गेला, ताई. बाकीच्यांना थोडं लागलंय, दवाखान्यात आणलंय. त्यांचं नाव काय?"

तिनं नाव सांगितलं नाही. नवऱ्याचं नाव त्या घरातल्या बायका घेत नाहीत. "आमचे," एवढंच परत म्हणाली आणि देवाला हात जोडले. मग विड्यांच्या पानांत बसून तिनं जावेला छातीशी धरलं. ती म्हणत होती, "रडू नको गं. आमचे येतील आता. सगळं बघतील."

मालक शेजाऱ्यांकडे बघत होते. कोणीतरी बसलं की त्यांना निघायचं होतं. फोन त्यांनी कानाला लावला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून एक माणूस जोरात सायकल मारत आला. हँडलला डबा लटकत होता. घरासमोरची गर्दी बघून त्यानं सायकल तशीच टाकून दिली.

"काय झालं? अम्मा, काय झालं?"

मग म्हातारी खाटेवरून उतरली, त्याचे गाल, खांदे चाचपायला लागली. त्याला रजा मिळाली नव्हती. अपघाताचं कारखान्यात कळलं म्हणून तो घाईनं परत आला होता. आमच्याकडे कोणाच्या मरणाची खोटी बातमी आली तर त्याचं आयुष्य वाढतं असं मानतात. डोक्याला कावळा शिवणं अशुभ, म्हणून तेव्हा माणसं मुद्दाम तशी बातमी पाठवतात. म्हातारी रडत रडत हसली. "आयुष्य वाढलं रे बाबा! शंभर वर्षं जगशील!" बायका हसल्या. समोरच्या घरातल्या त्या चुलत जावेनंही तिचे डोळे पुसले, तीही हसली. कोणीतरी मालकांना म्हणालं, "काय हो टीव्हीवाले, जिवंत माणसाला मारलं की!"

मालक हसले नाहीत. ते त्या माणसाजवळ गेले.

"तुमच्या नावाचं दुसरं कोणी हाय का गल्लीत?"

"हाय की. माझा चुलतभाऊ. आमाला दोघांला बी आजोबांचंच नाव..."

तो बोलता बोलता थांबला. तो थांबला तसं हसणंही थांबलं. एकेक माणूस वळून समोरच्या घरातल्या त्या बाईकडे बघायला लागला. तिचा हात अजून जावेच्या खांद्यावर होता. तिला कोणीच काही सांगितलं नाही. सांगायचं काही उरलं नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती त्या एकेका चेहऱ्याकडे बघत गेली.

त्या शांततेत मालकांच्या हातातल्या फोनमधून आवाज आला, "हॅलो सर? चालवू का नाव?"

त्यांनी फोन बंद केला.

नाव बाकीच्या वाहिन्यांवर लागलं, मग मालकांच्या वाहिनीवरही लागलं. डेस्कनं ते दुसरीकडून घेतलं. टीव्हीवर कुठेही चूक झाली नाही. गेलेल्या माणसाचं नाव तेच होतं. वाहिनीच्या दृष्टीनं मालकांच्या हातून उशिराशिवाय काही घडलं नव्हतं. पुढं काही आठवड्यांनी तिथून फोन आला, आता मोबाइलवर सगळं करणारा माणूस पाहिजे, वगैरे. मालकांनी वाद घातला नाही. बूम खोक्यात भरून परत पाठवून दिला. ज्या कापडी पिशवीतून तो फिरायचा ती काकूंनी धुतली आणि ती परत भाजीला जायला लागली.

समोरच्या घरातल्या त्या बाईकडे दहाव्याला जायचं म्हणून ते माझ्या स्कूटरवर निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि उभे राहिले. आत गेले नाहीत. मग म्हणाले, "चला." परतीच्या वाटेवर एकच बोलले. "टीव्हीवर चुकलं तर पुसता येतं, हिशेबनीस. मी दारात चुकलो."

त्यानंतर ते कोणाच्या दारात गेले नाहीत. लग्नाला नाही, बारशाला नाही. वर आमच्याकडेही येईनात. अंगणातल्या दगडावर बसून पेपर वाचत. वडिलांचं नाव विचारायची खोड सुटली. नवा दूधवाला आला तर त्याला नावसुद्धा विचारलं नाही. तो सायकलवरचा माणूस दर संक्रांतीला शेंगाचटणीचं पुडकं आणि तिळगूळ घेऊन येई आणि मोठ्यानं म्हणे, "तुमच्यामुळं आयुष्य वाढलं मालक!" मालक उठून दोन्ही हातांनी पुडकं घेत, आणि तो जाईपर्यंत मान वर करत नसत. ती चटणी आमच्याच घरी खपे.

मालकांचं जाणं साधं झालं. सकाळी चहा घेतला, दगडावर बसले, आणि तिथंच कलंडले. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. मुलगी आता पुण्यात नोकरी करते. नेमकी त्याच दिवशी ती सुट्टीला निघाली होती, एसटीत बसलेली होती. कोणीतरी फोन हातात घेतला तसा काकूंनी त्याचा हात धरला.

"फोनवर न्हाय सांगायचं. यांनी कधी कुणाला फोनवर सांगितलं न्हाय."

पण तोपर्यंत फाटकाशी वार्ताहर जमायला लागले होते. त्यात तिशीतली एक बाई होती. तिनं सुरुवातीची काही वर्षं मालकांच्या हाताखाली काढली होती आणि आता ती एका वाहिनीचं काम बघते. तिनं मला बाजूला घेतलं.

"काका, मुलीला कळलंय?"

"नाही. बसमध्ये आहे ती. हातात मोबाइल असणारच."

"कुठंपर्यंत आली?"

माझ्या बायकोनं मुलीला नेहमीसारखा फोन करून विचारलं होतं, जेवायला काय करू, कुठवर आलीस. टेंभुर्णी मागे पडली होती.

"तुम्ही मोहोळला जाऊन तिला उतरवून घ्या," ती म्हणाली. "इकडचं मी बघते." आणि फाटकाकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "ऐका रे. ग्रुपवर कोणी टाकायचं नाही. स्टेटसला नाही, श्रद्धांजली नाही, काही नाही. घरी पोचलेलं नाही अजून."

"ताई, मी लिहूनसुद्धा ठेवलंय," एक जण म्हणाला. तो मोबाइलवर बातम्या देणारा होता.

"ठेव की लिहून. टाकलंस तर याच फाटकात तुझा सत्कार करीन."

मी शेजाऱ्यांची गाडी घेऊन निघालो. खरं सांगायचं तर मला भरवसा नव्हता. गावात किती माणसं त्यांना ओळखत होती याचा मला अंदाज करता येत नव्हता, आणि त्यातल्या एकानं जरी दोन हात जोडलेलं चित्र टाकलं असतं तरी संपलं. गाडी चालवताना मी सारखा तोच हिशेब करत होतो आणि तो जुळत नव्हता.

मोहोळच्या स्थानकात बस आली. मी खिडक्यांकडे बघितलं तर प्रत्येक खिडकीत माणूस मान खाली घालून मोबाइल बघत होता. तीही. वाहक उतरला, मी दारात चढलो. तिनं मान वर केली.

"काका? तुम्ही मोहोळला?"

मी तोंड उघडलं, पण तोपर्यंत माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं होतं. मग तिनं मोबाइल पर्समध्ये ठेवला, वरची बॅग काढली आणि माझ्या पुढून खाली उतरली. स्थानकातल्या बाकावर बसली. मी पाण्याची बाटली दिली. ती सगळी प्यायली. बस निघून गेली. ती रडली तेव्हा मी शेजारी नुसता बसलो. आणखी काय करायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण शेजारचं कोणी येईपर्यंत हलायचं नाही एवढं माहीत होतं, आणि इथं शेजारचा मीच होतो.

"आईजवळ कोण आहे?" तिनं विचारलं.

"सगळे आहेत."

"टीव्हीवर आलं?"

"नाही. फाटकाशी थांबलेत सगळे. तुझ्यासाठी."

तिनं चेहरा पुसला. तेवढ्यात त्या वार्ताहर बाईंचा फोन आला. "काका, पोचलं का?"

"पोचलं," मी म्हटलं.

"मग पूर्ण नाव सांगा. वडिलांच्या नावासकट."

मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि मध्ये अडकलो. इतकी वर्षं त्या घरात राहिलो. त्यांनी माझ्या आजोबांपर्यंत नावं पाठ केली होती, गावातल्या प्रत्येकाच्या बापाचं नाव विचारलं होतं. त्यांच्या वडिलांचं नाव काय, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मी मुलीकडे बघितलं.

तिनं माझ्या हातातून फोन घेतला. वडिलांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं आणि शेवटी आडनाव, असं सावकाश, एकेक करून सांगितलं. मग परत एकदा पहिल्यापासून सांगितलं.

"लिहून घेतलं?" तिनं विचारलं. पलीकडून हो आलं असावं.

"आता चालवा," ती म्हणाली.